देवापुढं सोडलेल्या गोळ्या

आषाढी एकादशी, सकाळी साडेसात. देवघरापुढं मी, बायको आणि माझी थोरली बहीण. ताटात स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांची नऊ पाकिटं, किंमत एक हजार ऐंशी रुपये.

पाठ आखडली म्हणून उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांनी दिवसाला तीन, दहा दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या. म्हणजे तीस. सव्वा वर्षात मी तेराशे पन्नास खाल्ल्या. रिकामं पाकीट दाखवलं की औषध दुकानदार नवं देई. पाठ केव्हाच बरी झाली होती, पण एक गोळी चुकली तरी हात कापायचा.

बहीण म्हणाली, "चातुर्मासात मी वांगं सोडते, तू हे सोड. लई झालं." मी पाणी सोडून मोकळा झालो.

चौथ्या दिवशी चिकलठाण्याला कारखान्याच्या हिशेबखात्यात मला वहीवर मुंग्या दिसू लागल्या. त्या झटकतानाच झटका येऊन मी खुर्चीवरून पडलो. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरीणबाई बायकोवरच चिडल्या. "एकदम बंद करायला कोणी सांगितलं? जीव गेला असता. परत सुरू करून हळूहळू कमी करायच्या."

"देवापुढं सोडल्यात. आता तोंडाला लावायच्या नाय," बहीण म्हणाली.

"मग देवाला सांगा, दर पंधरवड्याला अर्धी सोडतोय."

बहिणीनं जरा विचार केला. "हप्त्यानं व्हय? चालंल."

बरं वाटल्यावर मी पहिल्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, "चिठ्ठीवर दहा दिवस लिहिलंय. वाचता येतं ना तुम्हाला?"

येतं. मधल्या काळात चार वेळा मी त्यांच्यापुढं बसलो, दर वेळी तीनशे रुपये दिले आणि दर वेळी ते "चालू ठेवा" म्हणाले, हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही. अशा गोळ्या एकाएकी थांबवू नयेत, हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिलं. चार सेकंद. तेवढेही त्यांनी मला दिले नाहीत.

दोनदा झोप पार उडाली, तेव्हा पुढची अर्धी सोडायला पंधरा-पंधरा दिवस जास्त थांबावं लागलं. शेवटची अर्धी गोळी कार्तिकीच्या आदल्या दिवशी संपली.

द्वादशीला गुरुजी आले. जे सोडलं त्याचं दान करायचं, म्हणून बहिणीनं वांगी दिली. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "आपण काय सोडलं होतं?"

"त्याचं सोडलेलं तुमच्या कामाचं नाय, गुरुजी," बहीण म्हणाली. "पैसेच घ्या."

मी त्यांना एकशे एक रुपये दिले.