अण्णांनी चावलेली तिसरी

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एखादी गोष्ट ठाऊक नाही, असं आजवर झालेलं नाही. म्हणजे त्यांनी ते होऊच दिलेलं नाही. शिरूर अनंतपाळची शेती धाकट्या काकांवर सोपवून ते नांदेडला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ही सवयही सोबत घेऊन आले.

माझी बायको मालवणकडची. गेल्या हिवाळ्यात तिची आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली, ती ओल्या गोणपाटात बांधलेल्या जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, घेऊन. निघायच्या दिवशी ओहोटीला खाडीत उतरून तिनं स्वतः त्या वाळूतून उकरल्या होत्या. बायकोनं त्या मिठाच्या पाण्यात सोडल्या. जरा वेळानं शिंपले किलकिले झाले, आतून बारीक नळ्या बाहेर आल्या आणि एकीनं वाकून बघणाऱ्या अण्णांच्या सदऱ्यावर नेमकी पिचकारी मारली.

"आरं, हे तर जितं हाय!"

"पोटातली वाळू टाकतायत त्या," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी बघितल्या नसतील."

"न्हाई कसं? आमच्या गोदावरीत ढिगानं असतात. लई खाल्ल्यात."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी छताच्या पंख्याकडे बघितलं.

दुपारी ताटात तिसऱ्यांचं सुकं आलं, ओलं खोबरं घातलेलं, शिंपल्यांसकट. खायचं कसं, हे विचारायची आता सोय नव्हती. अण्णांनी भाकरीच्या तुकड्यात अख्खी तिसरी गुंडाळली आणि तोंडात घातली. कडकन आवाज झाला. आम्ही सगळे थांबलो. अण्णा मात्र शांतपणे जबडा हलवत राहिले.

"चव झकास हाय, ईनबाई. जरा कच्चं राहिलंय, इतकंच."

सासूबाई हसल्या नाहीत. "गॅस बारीक होता वाटतं," म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या ताटातला शिंपला उचलला, अण्णांना दिसेल असा धरला आणि आतलं मांस दातांनी ओढून रिकामं कवच बाजूला ठेवलं. अण्णांनी तोंडातला ऐवज हळूच ताटाच्या कडेला काढला, जिभेनं दात चाचपले आणि दुसरी तिसरी बरोबर खाल्ली. नंतर तर थांबेचनात. हसू दाबताना मला ठसका लागला.

"सावकाश," अण्णा म्हणाले. "तुला सवय न्हाई."

संध्याकाळी त्यांनी काकांना फोन लावला. "कवच चावायचं नसतं रे, येड्या! आतलं तेवढं खायचं. पण तुला काय ठाव म्हणा."

तेव्हा कुठं स्वयंपाकघरात सासूबाई तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या.