एका नगाचा लॉट

"माप कधी खोटं बोलत न्हाई," असं आमचे अण्णा म्हणायचे, आणि म्हणताना हातातला व्हर्नियर, ते मोजायचं हत्यार, साक्षीदारासारखा वर धरायचे. वाक्य दगडात कोरून ठेवण्यासारखं होतं. फक्त ते नीट ऐकू यायचं नाही, कारण डाव्या गालात सुपारी असायची.

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कारखान्यात पितळी कनेक्टर बनतात. ते तपासणी विभागात होते, मी खरेदीत. बाहेरून आलेला माल त्यांनी नाकारला की पुरवठादाराची बोलणी मला खावी लागत. आमची ओळख तशी झाली. ते निपाणीकडचे. माझं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्या मुरलेलं की माझ्या मराठीला सांबाराचा वास येतो, असं तेच म्हणत. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला राव.

हातात हत्यार आलं की जग मोजावंसं वाटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अण्णांनी एकदा कॅन्टीनमधला वडा मोजला. "सोमवारपेक्षा चार मिलिमीटर बारीक झालाय," असं त्यांनी कंत्राटदाराला गंभीरपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी वडा खरोखर वाढला. तेव्हापासून कारखान्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

म्हणून सांबार तिखट झाल्याची तक्रार त्यांनी केली, तेव्हा तीही मान्य झाली. डब्यातून मिरचीचा खर्डा आणणाऱ्या माणसाला बेंगळुरूचं सांबार झोंबावं, याचं आम्हाला हसू आलं होतं. कंत्राटदाराने मिरची कमी केली. आमचं जेवण मिळमिळीत झालं आणि अण्णांचं तोंड पोळतच राहिलं.

"उष्णता हो, दुसरं काय," ते म्हणाले. उष्णतेवर त्यांनी मेडिकलमधून जेल आणलं, बी-कॉम्प्लेक्स खाल्लं, वहिनींनी सांगितलं म्हणून तूप लावलं. दाताच्या डॉक्टरकडे जा, असं मी म्हणून पाहिलं.

"दाताच्या डॉक्टरकडं दुखरा दात घेऊन जायचं असतंय, राव. माझे दात झकास हाईत."

कारखान्यात दंततपासणीचं शिबिर झालं, तेव्हा रांग सरळ ठेवायचं काम अण्णांनी केलं. शेवटचा माणूस तपासून होईपर्यंत ते उभे होते. खुर्चीत मात्र बसले नाहीत.

एका दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो, तर ते भिंतीवरच्या आरशासमोर तोंड उघडून उभे होते आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये व्हर्नियर धरला होता.

"किती?" मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते सुचलं नाही.

"एकतीस मिलिमीटर."

"आणि पाहिजे किती?"

"तीसच्या वर म्हंजे पास."

टेबलावर त्यांची वही उघडीच होती. शेवटच्या पानावर महिन्यामहिन्याची मापं होती. शेजारी मर्यादेच्या रकान्यात चाळीस लिहिलेलं, त्यावर काट मारून पस्तीस, त्यावर काट मारून तीस. हा तोच माणूस, ज्याने केसाएवढ्या फरकासाठी माझा अख्खा ट्रक परत पाठवला होता.

पुढे एक दाढ खरंच दुखू लागली. त्यांच्या तत्त्वाची अट पूर्ण झाली आणि मी त्यांना मल्लेश्वरमला, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या. छोटा आरसा हातात घेऊन म्हणाल्या, "स्वल्प बायी तेगीरी." थोडं तोंड उघडा.

"उघडलंय की," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. मग त्यांनी बोटांनी गाल आतून चाचपला, बॅटरीने पाहिला आणि सावकाश सांगितलं. गालाची आतली कातडी आवळत चालली आहे, म्हणून तोंड उघडत नाही, म्हणून तिखट झोंबतं. शिवाय एक पांढरा चट्टा आहे. हा कॅन्सर नाही, पण त्या वाटेवरचा असू शकतो. डेंटल कॉलेजात जाऊन चट्ट्याचा तुकडा काढून तपासून घ्या.

"तंबाखू?" त्यांनी विचारलं.

"शिवत न्हाई. नुसती सुपारी. पूजेला लागते ती."

"देव ती चघळत नाहीत," डॉक्टर कानडीत म्हणाल्या.

बाहेर आल्यावर अण्णांनी त्यांची फार स्तुती केली. पोरगी हुशार आहे, हात हलका आहे, आजकाल असे डॉक्टर मिळत नाहीत. एवढी स्तुती करून झाल्यावर ते चार महिने कुठे गेले नाहीत. आधी ऑडिट होतं, मग माल पाठवायची घाई, मग गौरी-गणपती. खरं कारण त्यांनी एकदा बसथांब्यावर सांगितलं.

"तुकडा काढला की पसरतंय म्हणतात, राव."

"अण्णा, लॉटमधला एक नग काढून तुम्ही तोडून बघता. त्यानं लॉट बिघडतो का?"

अण्णांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"माझा लॉट एकाच नगाचा हाय," ते म्हणाले.

बस आली, आम्ही चढलो.

त्यांना डेंटल कॉलेजात पाठवलं ते शेवटी त्यांच्याच तोंडाने. एका गिऱ्हाइकाचा माल अडला होता आणि आमचे साहेब स्वतः तपासणीच्या खोलीत आले. एवढ्याशा फरकाने काय होतं, मर्यादा थोडी वाढवा आणि सोडा, असं ते इंग्रजीत आणि गोड आवाजात म्हणाले. अण्णांनी मान हलवली.

"साहेब, माल बसत न्हाई म्हणून मर्यादा सरकवायची नसती."

साहेब तणतणत गेले. मी शाबासकी द्यायला वळलो, तर अण्णा वहीवर हात ठेवून तसेच उभे. त्यांनी शेवटचं पान उघडलं, पाहिलं, मिटलं.

"ते डेंटल कॉलेज किती वाजता उघडतंय?"

मी बरोबर गेलो. तुकडा काढायला लागला तेवढा वेळ वहिनी बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलू लागल्या होत्या, त्यामुळे सुपारी कायमची बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

"असं किती दिवस?" अण्णांनी विचारलं.

"पुढची तारीख कागदावर लिहिली आहे," कॉलेजातले डॉक्टर म्हणाले.

तोंड उघडण्यासाठी व्यायाम दिला होता. दातांमध्ये लाकडी चपट्या काड्यांची चळत धरून बसायचं आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. जेवणाच्या सुट्टीत अण्णा तोंडात काड्या धरून खिडकीशी बसत. बोलता येत नसे. नव्या लोकांना वाटलं, त्यांनी मौन धरलं आहे. त्यांच्याविषयीचा आदर फार वाढला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. समारंभाला व्हाइटफील्डच्या मुख्य कचेरीतून बडे साहेब यायचे होते. त्यांच्या सोयीने दिवस ठरला, आणि तो नेमका तोंडाच्या तपासणीचा निघाला. एचआरच्या बाईंनी अण्णांना सांगितलं, "दवाखान्याची तारीख पुढे ढकला ना, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." अण्णा म्हणाले, "बघूया की." त्यांच्या चार महिन्यांच्या टाळाटाळीचा अनुभव असल्यामुळे मी निर्धास्त होतो. ते दवाखाना ढकलणार आणि समारंभाला येणार.

हॉलमध्ये फुलांची कमान होती. मखमली खुर्ची होती, ती रिकामी राहिली. वाट पाहून शाल माझ्या खांद्यावर घालण्यात आली, त्यांच्या वतीने. बड्या साहेबांनी लिहून आणलेलं भाषण बदलण्याचं कारण नव्हतं. कामापुढे या माणसाने आयुष्यभर स्वतःकडे कधी पाहिलं नाही, असं ते म्हणाले आणि त्यांचा आवाज जड झाला. टाळ्या बराच वेळ चालल्या.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी, निपाणीची गाडी पकडण्याआधी, मला फोन करून डेंटल कॉलेजातल्या तपासणीची वेळ सांगितली. त्यावरून हिशेब लागतो. टाळ्या चालू होत्या तेव्हा एक प्राध्यापक आणि तीन विद्यार्थी त्यांच्या तोंडात बॅटरी मारून पाहत होते.