हळदीच्या बोटाची ड्युटी

आधी चहा घ्या, मग सांगते. कारण माझा हा पराक्रम ऐकल्यावर तुम्हाला चहा गोड लागणार नाही. मला तर दसऱ्यापासून कसलाच लागत नाही.

आमची गुड्डी आता आठ महिन्यांची. तिची पहिली दिवाळी आजोळी करायची, असं माझ्या आईनं ती पोटात असल्यापासून ठरवलेलं. माझं माहेर साखरखेर्डा, सासर उंद्री. काय लांब आहे सांगा? जीपमध्ये बसलं की अंगावरची झोप उडायच्या आत गाव येतं. पण लग्न झाल्यापासून एका दिवाळीला मी माहेरी गेले असेन तर शपथ! दरवर्षी आडवा कोण येतो? फोन.

फोन म्हणजे आमच्या ह्यांचा कंपनीचा फोन. हे पुण्याच्या एका कंपनीचं काम घरात बसून करतात. डेव्हऑप्स म्हणतात त्याला. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार? म्हणून ह्यांनी एकदा समजावून सांगितलं. पूर्वी म्हणे सॉफ्टवेअर बनवणारे वेगळे आणि ते चालवणारे वेगळे. बनवणारे म्हणायचे, आम्ही नीट दिलं, तुम्ही बिघडवलं. चालवणारे म्हणायचे, तुम्ही दिलं तेच बिघडलेलं. रोजची भांडणं! शेवटी कंटाळून मोठ्या लोकांनी दोघांचं लग्नच लावून दिलं. त्याचं नाव डेव्हऑप्स.

मी म्हटलं, "मंग लग्न झाल्यावर दोघाईचं काम एकावरच पडलं असंन?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तुले कसं कळलं?"

घ्या! हे कळायला शाळा लागते का हो?

तर त्या फोनचं काम काय? कंपनी जे ॲप सांभाळते ते बिघडलं, की हा फोन आपोआप वाजतो. आतून एक बाई इंग्रजीत बोलते, शेवटी म्हणते, एक दाबा. ज्याची पाळी असेल त्यानं दिवस असो रात्र असो उठायचं. आधी पाळीला बरेच जण होते. मग कंपनीनं एक हुशार मशीन आणलं. तेच ॲपमध्ये बदल करतं, तेच तपासतं, तेच चालू करतं. माणसं कमी केली. राहिलेल्यांना सांगितलं, मशीन चुकलं तर तुम्ही सावरा. म्हणजे काम मशीनचं आणि जागरण माणसाचं!

आणि वाजायचा तरी किती तो फोन! इकडे गुड्डीला थोपटून थोपटून माझा हात गळून पडायचा, पोरगी जरा डोळा मिटायची, की तिकडे ट्रिंग! हे झोपेतच हात लांब करायचे, एक दाबायचे आणि कूस बदलून घोरायला लागायचे.

"अहो, पाहा ना काय म्हणते ते!"

"काही नाही वं. दहातले नऊ खोटेच असतात. एक दाबला की चुप बसते. होते मंग आपोआप ठीक."

लक्षात ठेवा हे वाक्य. मी ठेवलं होतं, हीच तर चूक झाली.

औंदा मात्र दिवाळीची पाळी दुसऱ्या कोणाची तरी निघाली. ह्यांची पाळी दसऱ्याच्या आठवड्यात. मी मनातल्या मनात उड्या मारल्या! आईला सांगून टाकलं. आईनं गुड्डीला चांदीचे वाळे केले, भावानं जीपवाल्याला सांगून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, एकटीच का गेली नाहीस इतके दिवस? जाऊन बघा आमच्या घरातून! सणाला माहेरी जोडीनंच जायचं, आणि लेकरू पहिल्यांदा आजोळी जाताना तर जावयानंच घेऊन जायचं, असं दोन्हीकडच्या मोठ्यांचं म्हणणं. आणि आईच्या घरी नेट येत नाही, म्हणून जावई फोन घेऊन तिकडे जाणार नाही. माझं माहेर असं रेंजमध्ये अडकलेलं.

आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुवून, हळदीकुंकू लावून पूजेला मांडतात. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला तेवढीच सुट्टी. बाईमाणसाला पूजेला मांडत नाहीत, म्हणून तिला तीही नाही.

सकाळी हे झेंडू तोडायला शेतात निघाले. कंपनीच्या फोनला शेतात रेंज नसते, म्हणून तो माझ्या हातात दिला. "अर्ध्या घंट्यात येतो. हा वाजला तर मले माह्या फोनवर सांगजो."

"हाव," म्हटलं.

गुड्डीला आदल्या दिवशी लसीचं इंजेक्शन दिलेलं. रात्रभर अंग तापलेलं. मी दर थोड्या वेळानं तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. पहिलं लेकरू, जीव थाऱ्यावर कुठला! नुकती कुठे ती झोळीत झोपली होती.

सासूबाईंनी पाटावर विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन, सगळं मांडलं. मग म्हणाल्या, "सुनबाई, मंगेशचं हत्यार कुठी आहे वं? ज्याच्यावर पोट भरते ते नको का मांडाले?"

मला पटलं! मी लॅपटॉप आणून उघडा मांडला, शेजारी फोन ठेवला. सासूबाईंनी बोटं भरभरून दोन्हींना हळदीकुंकू लावलं. लॅपटॉपच्या डोळ्याला, म्हणजे कॅमेऱ्याला लावलं, बोट टेकवून उघडायची जागा असते तिथं लावलं. असा सजला की नवरदेव मागे पडेल!

आरती सुरू झाली आणि फोन वाजला.

झोळी हलली. सासूबाई आरतीतूनच ओरडल्या, "बंद कर वं ते! आज हत्याराले काम सांगत नसतात!"

मी काय करावं? ह्यांना फोन लावायचा, तर माझा फोन चार्जिंगला आत. आणि ही बाई बोलतच सुटलेली. मला आठवलं, एक दाबला की चुप बसते. दाबला एक. खरंच बसली चुप! म्हटलं, इतकं सोपं आहे होय, याच्यासाठी हे एवढा पगार घेतात?

थोड्या वेळानं पुन्हा वाजला. वाजल्याबरोबर दाबला. पुन्हा वाजला, पुन्हा दाबला. आता तर मी झोळीपाशीच फोन घेऊन बसले आणि पहिल्या ट्रिंगचा ट्रि वाजायच्या आत दाबू लागले.

तेवढ्यात शेजारच्या शांताकाकू आल्या. "माय वं! नवऱ्याचं हापिस तूच चालवून राह्यली काय?"

"चालवा लागते काकू," मी ऐटीत म्हटलं आणि त्यांच्या समोर आणखी एकदा दाबून दाखवला.

काकू टेकल्या आणि रडगाणं सुरू केलं. "दसऱ्याची सूट आहे म्हणून पोरानं सकाळपासून मिक्सर मांगवाले घेतला. ते पैसे भरायचं चाक नुसतं गरगर फिरून राह्यलं, पुढंच जाईना. त्या ॲपवाल्याईले कोणी बोलत नसंन काय?"

"झोपले असतीन मेले!" मी म्हटलं. "फुकटचा पगार घेतात!"

हसू नका. ह्यांची कंपनी कोणत्या दुकानाचं ॲप सांभाळते, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

अर्ध्या घंट्यात येणारे हे दुपार चढल्यावर आले. मामंजींनी सोयाबीन काढायला जुंपलं होतं. डोक्यावर झेंडूचं गाठोडं, आणि अंगणात पाय ठेवतात तोच त्यांचा स्वतःचा फोन वाजला. पुण्याचे साहेब. हात गुंतलेले, म्हणून ह्यांनी स्पीकरवर घेतला.

"मंगेश, काय स्थिती आहे? आम्ही सगळे तुझी वाट बघतोय."

"कशाची, सर?"

"कशाची म्हणजे? सकाळी मशीननं नवा बदल टाकला तेव्हापासून पेमेंट बंद आहे. दर वेळी तू एक दाबतोयस. सिस्टिम सांगतेय, मंगेश बघतोय, दुसऱ्या कोणाला उठवायची गरज नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं बोट पिवळंधमक. झेंडूचं गाठोडं धप्पकन खाली.

हे लॅपटॉपकडे झेपावले, तर सासूबाई मध्ये आडव्या! "आज हत्यार उचलाचं नाही!"

"अवं माय, नोकरी जाईन!"

"दसऱ्यालेच उचलजो!"

कसातरी उचलला. चालू केला, तर तो ह्यांना ओळखेचना! डोळ्यात कुंकू. बोट टेकवलं, तर तिथं हळदीचा थर. मी पदरानं पुसायला गेले, तर ओला पदर लागून आणखीच लगदा. शेवटी पासवर्ड आठवून हे आत शिरले आणि मशीननं केलेला बदल मागे फिरवला. एका बटणाचं काम! शांताकाकूंच्या घरातून पोरगा ओरडला, "आई, झालं वं, मिक्सरची ऑर्डर गेली!"

ह्यांनी लॅपटॉप मिटला. "एक दाबला म्हणजे, मी पाहून राह्यलो, दुसऱ्याले उठवू नका, असं असते! मले सांगाचं सोडून तू काऊन दाबला?"

"मंग तुम्ही रात्री दाबून झोपता ते?"

हे सांडलेले झेंडू वेचायला लागले.

माझा दसरा सगळा घोरात गेला. ह्यांची नोकरी गेली तर? सासूबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "सुनेनं बोट लावलं अन् पोराची नोकरी हालली." मांडायला त्यांनीच सांगितलं, हे त्या साफ विसरल्या.

नंतर कंपनीची मिटिंग झाली. मी गुड्डीला छातीशी धरून दाराआड उभी. ह्यांनी खरं ते सांगून टाकलं. मग साहेब म्हणाले, "हे बघा, आपल्याकडे कोणाला दोष द्यायची पद्धत नाही. चूक माणसाची नसते, व्यवस्थेची असते. पुढच्या वेळी नुसता एक दाबून भागणार नाही, असं करू."

खरं सांगते, मला रडू आलं. भाजीत मीठ जास्त पडलं, दूध उतू गेलं, पोरगी रडली, तेव्हा चूक व्यवस्थेची असं या घरात एकदा तरी कोणी म्हणालं का? सासरी नाही, निदान कंपनीत तरी मला माफी मिळाली!

आणि साहेब तेवढ्यावर थांबले असते तर किती बरं झालं असतं.

"आणखी एक," साहेब म्हणाले. "आता पाळ्याही मशीनच लावणार. कोण किती लवकर फोनला उत्तर देतं, त्यावरून. या महिन्यात सगळ्यात लवकर उत्तर देणारा आहे मंगेश. फोन वाजल्याबरोबर! म्हणून गर्दीचे दिवस त्याच्याकडे. दिवाळीचा पूर्ण आठवडा."

"पण सर, ते तर बायकोनं..."

"कळतंय रे. पण मी नाही लावली, मशीननं लावली. एकदा लागली की बदलता येत नाही."

शाळेत मी कधी पहिली आले नाही. सातवीनंतर तर शाळाच सुटली. जन्मात एकदा पहिला नंबर आला, तोही नवऱ्याच्या नावावर, आणि बक्षिसात माहेर गेलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. वाळ्यांना घुंगरू लावू की नको, विचारत होती. मी सांगितलं, येणं होत नाही, ह्यांना दिवाळीत ड्युटी लागली.

तर आईच्या तोंडून असा तळतळाट आला, "ज्यानं माह्या लेकीची दिवाळी मोडली ना, त्याचा हात झडो!"

फोनमधून तिला काही दिसत नव्हतं. तरी मी हात पदराखाली घेतला.