डाव्या कडेचे परशरामअण्णा

परशरामअण्णा पाटील यांची साठी झाली, म्हणून आमचा क्लब त्यांचा सत्कार करणार आहे आणि त्याच्या गौरव अंकासाठी मला लिहायला सांगितलं आहे. फुटबॉलमध्ये मी त्यांच्या मागे लेफ्ट बॅक खेळायचो. त्यामुळे अण्णांचा चेहरा कमी आणि पाठच मी जास्त पाहिली आहे, हे आधीच सांगतो.

पहिली ओळख बेळगावात टिळकवाडीच्या मैदानावर झाली. अण्णा येळ्ळूरहून सायकलनं आले होते. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की चेंडू मिळाला की विचार करत बसू नकोस, डावीकडं मार, मी असेन तिथं. आणि ते असायचेच. चुन्याच्या रेघेला चिकटून अशी मुसंडी मारायचे की समोरच्या बॅकची भंबेरी उडायची. गोल मात्र दुसऱ्यांच्या नावावर. स्वतः मारायची संधी सोडून क्रॉस द्यायचे, त्यावरून मी त्यांच्याशी कैकदा भांडलो आहे.

आमच्या क्लबातून ते कोल्हापूरच्या एका तालमीच्या फुटबॉल संघात गेले आणि तिथून गोव्याच्या एका मोठ्या क्लबात. पगार, बूट, डॉक्टर, सगळं क्लबचं. इकडं आमची छाती फुगली होती. करारातली एकच अट कडक होती, दुसऱ्या कुणाकडून खेळायचं नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, की बाहेर खेळणाऱ्यानं यात्रेला गावी यायचं आणि यात्रेच्या मॅचला गावाकडून उतरायचं. करारबिरार आम्हाला कुठला ठाऊक? अण्णांना ठाऊक होता. तरी ते निघाले. लोंढ्याला गाडी बदलताना समोरच्या फलाटावर गोव्याला परत जाणारी गाडी उभी होती, असं त्यांनीच मला पुढं सांगितलं. बराच वेळ ते बाकावर बसून राहिले, मग बेळगावच्या गाडीत चढले.

त्या मॅचला दुसऱ्या हाफमध्ये खड्ड्यात पाय अडकून त्यांचा डावा गुडघा गेला. त्यांच्या गावाकडून मीही उतरलो होतो, मागंच होतो. तो आवाज आठवला की आजही जेवण जात नाही. गोव्याच्या क्लबनं करार मोडला म्हणून त्यांना सोडून दिलं, आणि तसं पाहिलं तर क्लबचं काही चुकलं नाही.

पुढं अण्णा आमच्याकडूनच लंगडत काही वर्षं खेळले. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा तसेच लंगडत रोज भाकरी घेऊन यायचे, नको म्हटलं तर रागवायचे. त्या मॅचबद्दल मात्र तक्रारीचं अवाक्षर नाही. लोक याला मोठेपणा म्हणतात. मला तर वाईटच वाटतं. एवढा गुणी खेळाडू आमच्या यात्रेत वाया गेला.

हा लेख लिहायचा म्हणून परवा येळ्ळूरला गेलो आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. त्या दिवशी लोंढ्याहून परत फिरायला हवं होतं, असं कधी वाटतं का? नाही म्हणतील, असंच मी धरून चाललो होतो. अण्णांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"वाटतं रं. लई वाटतं," ते म्हणाले. "गावाकडनं खेळलो त्याचं काय न्हाय. पण ती गाडी अजून डोळ्यासमोरनं हलत न्हाय."

गोव्याच्या त्या क्लबच्या मैदानाकडं ते पुन्हा कधी फिरकलेले नाहीत. अण्णांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो आणि त्या गुडघ्यानं आता तरी त्यांना छळू नये, ही आम्हा सगळ्यांची इच्छा आहेच. पण नुसत्या इच्छेवर माझं भागत नाही. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या गोव्याच्या जुन्या क्लबची मॅच बघायला जाणार आहोत. तिकिटं मी काढली आहेत, त्यांना हे इथंच कळेल.

अण्णा, गाडी थेट मडगावची आहे. लोंढ्याला उतरायचं न्हाय.