पुस्तकाच्या पाठीवरचं नाव

नारायणगावच्या पुढे द्राक्षबागांवर गंधकाची भुकटी धुरळतात. परवा जीपमध्ये तो वास आला आणि जुन्नरमधलं रशीदभाईंचं बुकबाइंडिंगचं दुकान आठवलं.

मी तेव्हा वार्ताहर होतो. निमगाव सावाचे दत्तूभाऊ रसायनशास्त्राचं एक जुनं मराठी पुस्तक नव्यानं बांधायला घेऊन आले होते. पहिलं पान गायब होतं, पण पाठीवर सोनेरी अक्षरांत त्यांच्या आजोबांचं नाव होतं. गावच्या वाचनालयानंही तेच नाव लेखक म्हणून नोंदवलं होतं. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेला आजोबांचं नाव द्यायचं घाटत होतं आणि मी त्याची बातमी करणार होतो.

"पाठीवर मालकाचंबी नाव घालायचे, भाऊ," रशीदभाई म्हणाले. "आमचे वडील घालायचे."

"जळतो व्हय रं?" दत्तूभाऊ हसले.

पुठ्ठा भक्कम व्हावा म्हणून आत रद्दी पानं चिकटवायची जुनी रीत. रशीदभाईंनी पुठ्ठा सोलला, तेव्हा पुस्तकाचं पहिलं पान त्यातच निघालं. त्यावर लेखकाचं नाव दुसरंच होतं.

दत्तूभाऊंनी गंधकाम्लाचं प्रकरण उघडलं. त्या पानाला तपकिरी, जळकी भोकं होती आणि ती मागच्या पानांतही उतरली होती.

"आज्यानं लिव्हलं न्हाई," ते म्हणाले, "पण करून बघितलं व्हतं, राव."

प्रयोगशाळेला आजोबांचंच नाव लागलं. मी 'लेखक' हा शब्द गाळला, तेव्हा बातमीत काही उरलं नाही असं वाटलं होतं. आज लिहायची झाली, तर त्या भोकांपासून सुरुवात करीन.