कमलताईंचं लोखंडी दार

चाकणच्या आमच्या शेडमध्ये चहाला दहा मिनिटं मिळतात आणि किस्से इतके साठलेत की दहा मिनिटांत जेमतेम एक संपतो! भंगारात आलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारी उघडायच्या, आतली चुंबकं काढून पुन्हा वापरायला पाठवायची, हे आमचं काम. चुंबक असतं बोटभर, पण दोन चुंबकांच्या मध्ये बोट सापडलं तर नख काळंनिळं.

*

वाकडहून रोहित नावाचा नवीन इंजिनिअर आला. पहिल्याच दिवशी त्याचा पाना चुंबकाला चिकटला. त्याने ओढला, मी ओढला, दोघांनी मिळून ओढला. शेवटी कमलताई आल्या. इथल्याच गावच्या, आमच्यात सगळ्यात जुन्या. त्यांनी लाकडी पट्टी लावून पाना अलगद बाजूला केला.

"वढायचं न्हाई रं, सरकवायचं!"

रोहितने ते चक्क वहीत लिहून घेतलं!

*

निगडीला आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत पंपरूमच्या किल्ल्या पडल्या. मी ताईंकडे चुंबक मागितलं. त्यांनी लाकडी पेटीत बंद करून दिलं आणि बजावलं, "उद्या सकाळी माझ्या हातात पायजे."

दोरीला बांधून टाकीत सोडलं. किल्ल्या तर आल्याच, शिवाय जी चोरल्याचा आळ चेअरमननी प्लंबरवर घेतला होता ती पक्कडही आली! चेअरमननी तिथूनच प्लंबरला फोन लावला.

*

ताई एवढ्या कडक का, ते कामगारांच्या दाराशी कळतं. तिथे त्यांच्या नातीचा एक्स-रे टांगलाय. पोरीने खेळण्यातली दोन चुंबकं गिळली होती. पोटात आतडं मध्ये धरून ती एकमेकांना चिकटली. ऑपरेशन झालं, पोर वाचली. तेव्हापासून सुटताना प्रत्येकाने खिसे त्या लोखंडी दाराला टेकवायचे, हा ताईंचा नियम. न सांगता आमच्याकडून एकही चुंबक कुणाच्या घरी गेलेलं नाही. मला याचा फार अभिमान आहे, स्पष्टच सांगतो.

*

साहेब एरवी ऑफिसच्या जिन्याने जातात. एकदा पाहुण्यांना शेड दाखवून आमच्या दाराने निघाले. ताई आडव्या उभ्या राहिल्या.

"सायेब, खिसा टेकवा."

ताईंची नोकरी गेली, असंच आम्हाला वाटलं. साहेब हसले, खिसा दाराला टेकवला आणि...

टक्!

पाहुणे बघतच राहिले. साहेब ओशाळले. "मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतली होती. दोनच."

"केवढी हाय पोरगी?"

"पाच वर्षांची."

ताईंनी दाराशेजारी बोट दाखवलं. साहेबांची नजर एक्स-रेवर गेली. त्यांनी दोन्ही चुंबकं ताईंच्या हातावर ठेवली.

मग दुसरा खिसा आपणहून दाराला टेकवला!