मधल्या अक्षरापासून

माझे वडील माणसाचं नाव मधून लिहायचे. आधी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायची, त्यातही इंग्रजी ‘आय’ला अर्धं पेर आणि ‘एम’ला दीड. मग खडूत बुडवलेली दोरी फळीवर ताणून फटकन सोडायची आणि मधलं अक्षर बरोब्बर मध्यावर ठेवायचं. तिथून उजवीकडचं नाव सरळ आणि डावीकडचं उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे. लहानपणी मी समोर उकिडवी बसून बघायचे आणि नाव पुरं व्हायच्या आत कोण गेलं ते ओळखायचा खेळ खेळायचे. ही नावं गेलेल्यांचीच असायची. ठाण्यातल्या आमच्या गावठाणात कुणी वारलं की लाकडाचा काळा कुरूस, म्हणजे कबरीवरचा क्रॉस, आमच्या ओटीवर यायचा. वडील वागळे इस्टेटमधल्या फॅक्टरीतली पाळी संपवून आले की चहा घेऊन पांढरा रंग ढवळायला बसायचे.

फॅक्टरीत ते रंगखात्यात होते. दिवसभर यंत्रांची झाकणं हिरवी करायची आणि त्यांवर ‘धोका’, ‘हात लावू नये’ असली अक्षरं काढायची. कुरुसाचं काम मात्र फुकट. मेलेल्या माणसाकडून काय घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मयताच्या घरचे लोक फार तर ताटभर काहीतरी आणून ठेवत आणि आई ताट परत करताना त्यात मूठभर साखर घालायची.

आमच्याकडे जागा कमी आणि माणसं जास्त, मेल्यावरही तेच. काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा पुढच्याला देतात. कुरूस घरच्यांनी न्यायचा, नाही नेला तर दफनभूमीच्या मागच्या भिंतीशी ढीग. म्हणजे वडिलांचं चाळीस वर्षांचं काम एक तर लोकांच्या माळ्यावर होतं किंवा वाळवीच्या पोटात.

मी स्वतः चित्रकलेची शिक्षिका. डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं मुलांकडून कागदावर फुलदाण्या काढून घेतल्या. निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत फादरांनी पकडलं. सणाच्या आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये पॅरिशमधल्या कलाकारांचं प्रदर्शन भरवायचं होतं. ‘टीचर, तुम्हीच बघा,’ असं ते रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर चारचौघांत म्हणाले. चारचौघांत नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या फादरांना शिकवूनच पाठवत असावेत.

कमिटीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्यापुढे मी यादी ठेवली. जलरंगात फुलं काढणारी नर्स, शिंपल्यांची नक्षी करणारे एक काका, दोघीतिघी भरतकाम करणाऱ्या. शेवटी वडिलांचं नाव. अध्यक्षांनी चष्मा वर केला.

‘टीचर, रागावू नका. पण क्रॉसवर नाव लिहिणं म्हणजे साइनबोर्डचं काम. हे आर्ट एक्झिबिशन आहे.’

मी रागावले. आणि घरी येताना अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की हे वाक्य माझंच आहे. चित्रकलेच्या कोर्सला होते तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, घरात कुणी कलाकार? मी म्हटलं होतं, छे, वडील फॅक्टरीत आहेत. नावं लिहिण्याची गोष्ट मी तोंडातून काढली नव्हती. अध्यक्षांवर कसलं रागवायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यामुळे मी हट्टाला पेटले. वडिलांचं नाव त्या भिंतीवर कलाकार म्हणून लागलं पाहिजे, त्यांच्या डोळ्यांदेखत. ते एक्याऐंशीचे आहेत, हात थरथरतो, कपातला चहा बशीत येतो. याहून उशीर मला करायचा नव्हता.

वडिलांनी ऐकलं आणि कोळंबी सोलता सोलता मान हलवली. ‘मना नको गो बाय. लोकांची माणसं ती. त्यांच्या नावाखाली मी माझा नाव लावू?’

‘पण लिहिलं तुम्हीच ना पप्पा?’

‘पाव पण भट्टीवाला करतं. त्याच्यावर नाव टाकतं काय?’

तरी मी हट्ट सोडला नाही. मी फादरांकडे गेले. रविवारी त्यांनी मिस्सेत सांगितलं, ज्यांनी आपल्या माणसाचा कुरूस घरी जपला असेल त्यांनी तो शनिवारी हॉलवर आणावा, आठवडाभरात परत मिळेल. फादरांच्या शब्दाखातर अध्यक्षांनी मोठ्या मनाने मला चहाच्या टेबलामागची भिंत दिली, जिथून पुढे बाथरूमचा रस्ता जातो.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. आमच्या माळ्यावरही एक कुरूस होता, आईचा. आई गेली तेव्हा वडील तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. ब्रश रंगात बुडवला, उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, ‘तू लिही.’ मी शिकलेली, सर्टिफिकेटवाली. मी शाळेच्या फळ्यावर सुरू करते तशी डावीकडून सुरुवात केली. पहिली अक्षरं ऐटदार आली. शेवटच्या तीन अक्षरांना जागाच उरली नाही. बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसतो तशी ती एकमेकांना चिकटली, आडनावाचं टोक तर फळीच्या कडेवरून खाली उतरलं. रडत होते, तेवढंच निमित्त सांगता आलं असतं. वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, ‘वाचता येतंय.’ पुढची कितीतरी वर्षं दफनभूमीत गेलं की वडिलांच्या सुरेख अक्षरांमध्ये माझी ती दाटीवाटी मला दुरून दिसायची. कबर उघडली तेव्हा कुरूस घरी आला आणि मी सुटकेचा श्वास टाकला, हेही कबूल करते. प्रदर्शनात तो न्यायचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी दुपारी चारपर्यंत तीन कुरूस आले. तीन. अध्यक्ष येऊन भिंत बघून गेले, जाताना म्हणाले, ‘इथे हवं तर भरतकाम सरकवू.’ मी हातोडी घेऊन स्टुलावर बसले होते. मनात म्हटलं, वडील बरोबर होते, लोक कशाला जपतील?

पाचनंतर माणसं यायला लागली. एक बाई नवऱ्याचा कुरूस बेडशीटमध्ये गुंडाळून आली आणि आत आल्यावरही सोडेना, हातातच धरून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने आईचा कुरूस तिच्याच लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवला होता. लुगड्याच्या घड्यांतून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. एक बाई लग्नानंतर शहाडला राहायला गेलेली. ती मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, वडिलांचा कुरूस मांडीवर आडवा धरून आली. कोनगावच्या पुढे हवालदाराने थांबवलं म्हणे. ‘मी बोलले, बाबा हाय माझा. त्याने बघितला आणि बोलला, जावा, पण हळू जावा.’ एकाने तर कबुली दिली की कुरूस परसात कारल्याच्या मांडवाला लावला होता. सकाळी वेल सोडवला, कुरूस धुतला आणि आणला. हिरवे डाग तसेच होते. सात वाजता माझे खिळे संपले. अडतीस झाले होते.

येतील तसे मी ते शिस्तीने लावत गेले होते. उभ्या-आडव्या ओळी, सारखं अंतर. लावून झाल्यावर दोन पावलं मागे गेले आणि जागीच थांबले. वेगवेगळ्या वर्षांचे कुरूस, वेगवेगळ्या सुतारांचे, कुणी इंग्रजी, कुणी मराठी, कुणाचं नाव चार अक्षरांचं, कुणाचं चौदा. आणि प्रत्येक नावाचा मध्य उभ्या फळीच्या बरोबर मध्यावर. प्रत्येक उभ्या ओळीत वरपासून खालपर्यंत दोरी मारल्यासारखी एक रेघ. विश्वास बसेना म्हणून मी मोजपट्टी लावली. मास्तरकीची खोड. एकही अक्षर सरकलेलं नव्हतं. तीस वर्षं मुलांना ‘तोल’ नावाचा धडा शिकवला, आणि तो घरात, ओटीवर, रंगातल्या रॉकेलच्या वासात घडत होता. मला इतका अभिमान वाटला की तिथेच, बाथरूमच्या रस्त्यावर, मी मोठ्याने ‘पप्पा!’ म्हणाले. हॉल झाडणाऱ्या बाईने दचकून वर बघितलं.

रविवारी मिस्सा सुटली आणि सगळा लोंढा थेट चहामागच्या भिंतीकडे. लोक कुरुसाला हात लावत आणि बोटं ओठांना टेकवत. पहिली मेणबत्ती कुणी लावली माहीत नाही, पण पाच मिनिटांत लाद्यांवर रांग लागली. दोन म्हाताऱ्यांनी गुडघे टेकून रोझरीची जपमाळ सुरू केली. अध्यक्ष धावत आले. ‘अहो, हे प्रदर्शन आहे! पडदे पेटतील!’ फादर हसत बाहेर गेले आणि वाळूने भरलेला ट्रे घेऊन आले. जलरंगवाली नर्स माझ्या कानाशी म्हणाली, ‘टीचर, माझ्या जास्वंदीसमोर कुणी गुडघे टेकत नाय हां. पुढच्या वर्षी मी पण कुरूसच काढते.’

गर्दी ओसरल्यावर पाहिलं तर अध्यक्ष एकेक नाव वाचत चालले होते. शेवटच्या कुरुसापर्यंत जाऊन परत पहिल्यावर आले. ‘आमच्या आईचा नाही यात?’ मी म्हटलं, तुम्ही आणलात का? त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. ‘तेव्हा नेलाच नाही आम्ही,’ म्हणाले. मग स्वतः जाऊन हॉलमधली एकुलती एक गादीची खुर्ची उचलून आणली आणि त्या भिंतीसमोर ठेवली. ‘तुमच्या वडिलांना बोलवा.’

वडील आले ते फक्त चहासाठी, असं बजावून. इस्त्रीचा शर्ट घातला होता, म्हणजे नुसत्या चहासाठी नव्हतं. खुर्चीवर बसलेच नाहीत. नाकाजवळ नेऊन एकेक कुरूस तपासला. बोट ओलं करून एकावरची धूळ पुसली. ‘ह्याला मशिनचा रंग मारलेला, बघ कसा राहिलाय.’ एका नावापुढे थांबून ‘ह्यो चांगला पोहायचा,’ म्हणाले. सगळं बघून झालं तेव्हा त्यांची नजर भिंतीच्या वर गेली. तिथे मी कलाकाराच्या नावाची जागा मोकळी ठेवली होती. त्यांनी नको म्हटलं होतं, आणि त्यांच्या मनाविरुद्ध लिहायची माझी छाती नव्हती.

‘तुझ्या आयचा कुठाय?’ त्यांनी विचारलं.

‘घरी.’

‘का?’

‘पप्पा, तो वाईट आहे. तुम्हाला माहीत आहे.’

‘तो लाव. मग माझा नाव लाव.’ आणि मी वळले तसं, ‘माळ्यावर त्याच्या बाजूला काळी फळी हाय. ती पण आण. तिच्यावर लिही.’

घर पाच मिनिटांवर. मी जाऊन दोन्ही घेऊन आले. येताना आईचा कुरूस मी नाव छातीकडे वळवून धरला होता, रस्त्यावर कुणी वाचू नये म्हणून. वडिलांनी तो माझ्या हातातून घेतला, मधल्या ओळीतला एक कुरूस काढून कडेला नेला आणि तिथे आईचा लावला. माझी चिकटलेली अक्षरं, आडनावाचं ते घसरलेलं टोक, सगळ्या गावासमोर. मला वाटलं जमीन दुभंगावी. पण लोक आले आणि तशाच भक्तीने हात लावून बोटं ओठांना टेकवून गेले. कुणीही मोजपट्टी काढली नाही.

मग मी टेबलावर फळी घेतली. छान गुळगुळीत, दोन हात काळा रंग दिलेली. कुठून आणली, विचारलं नाही. अध्यक्षांनी दोरीचं एक टोक धरलं, दुसरं मी, आणि खडूची रेघ मारली. वडिलांनी स्वतःचं नाव पेरांवर मोजलं, ओठ हलवत, ‘आय’ला अर्धं पेर देऊन. हयातभर इतरांची नावं मोजणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव दोनदा मोजावं लागलं. मधलं अक्षर त्यांनी नखाने दाखवलं. मी ते लिहिलं. मग उजवीकडे सरळ. मग डावीकडे उलटं, आणि तिथे एकेक अक्षर जपून टाकावं लागलं, कारण उलटं लिहिताना आपल्या बापाचं नाव ओळखीचं राहत नाही, नुसती अक्षरं राहतात. पुरं झालं तेव्हा त्यांनी दोन्ही टोकांना वीत लावली. इकडे जेवढी, तिकडे तेवढीच.

‘बरोबर,’ ते म्हणाले. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं एवढं मोठं बक्षीस दुसरं नाही, आणि मला शाळेत शाल-श्रीफळ मिळालेलं आहे.

टांगण्यासाठी कडी ठोकायला मी फळी उलटी केली. मागे, अगदी मध्यावर, पटाशीने कोरलेली चौकोनी खाच होती. कुरुसाची उभी फळी बसवायची खाच. मी वडिलांकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते.

‘दोनदा कशाला लिहायचा?’ ते म्हणाले. ‘आणि तवा तू रडत असशील. परत डावीकडून सुरू करशील.’

अध्यक्षांना हसावं की गप्प बसावं कळेना. मी हसले, आणि डोळे पुसत हसले. फळी आठवडाभर त्या भिंतीवर, सगळ्या नावांच्या वर, मानाने लटकली. आता ती आमच्या माळ्यावर आईच्या कुरुसाशेजारी आहे, तिच्याच लुगड्यात गुंडाळलेली. वडील रोज सकाळी पिशवी घेऊन मासळी आणायला जातात आणि कोळणीशी भांडून परत येतात. फळीचा रंग केव्हाच वाळलाय. तिला कसली घाई नाही, मलाही नाही.